हजेरीपटातले नाव म्हणजे वंशावळ नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील वंशावळींवरच्या लेखात असे सुचवले आहे की, वसाहतकाळातील अमेरिकी मिलिशियाच्या (गरजेपुरते शस्त्र उचलणाऱ्या नागरिकांच्या सैन्याच्या) हजेरीपटात पूर्वजाचे नाव सापडले की शोध संपला. माझ्या भाचीच्या सासरचे मूळ घराणे मॅसॅच्युसेट्सचे असून त्यांच्यासाठी हे कागद मी दोन वर्षे चाळत आहे. तिथे खरी अडचण नाव सापडल्यावरच सुरू होते. एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन जॉन आढळतात आणि नावापुढचे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही, चुलते-पुतणेही असू शकतात.

मिलिशियातला माणूस मुळात शेतकरी किंवा कारागीर. त्यामुळे लष्करी कागदांपेक्षा पगाराचे आणि जमिनीचे कागदच त्याच्याविषयी अधिक सांगतात. १६७५-७६ च्या ‘किंग फिलिप’ युद्धातील (इंग्रज वसाहती आणि तिथले मूलनिवासी यांच्यातील लढाईतील) सैनिकांचा पगार वसाहतीचे खजिनदार जॉन हल यांच्या खातेवह्यांत नोंदलेला आहे आणि कोणाचा पगार त्याच्या गावी वळता केला, हेही त्यात दिसते. याहून मोलाचा पुरावा पुढच्या पिढ्यांचा आहे. डिसेंबर १६७५ मध्ये नॅरागॅन्सेट या मूलनिवासी जमातीच्या किल्ल्यावर निघालेल्या सैनिकांना पगाराखेरीज जमिनीचे वचन दिले होते. ते पाळायला वसाहतीने अर्धशतकाहून अधिक काळ घेतला (सरकारी दिरंगाई ही काही आपलीच मिरास नाही). अखेर १७३३ मध्ये ८४० हक्कदारांना, प्रत्येकी १२० जणांचे गट करून, सात गावे मिळाली. तोवर बहुतेक सैनिक वारले होते, म्हणून मुलानातवंडांनी नाते सांगून हक्क मागितला आणि हक्कदार कोण, कोणाच्या वतीने, हे याद्यांत उतरले. ज्या नॅरागॅन्सेट लोकांची बायकामुले त्या किल्ल्याच्या आगीत मेली, त्यांचेच नाव क्रमांक घालून या गावांना दिले गेले. त्यांतील क्रमांक दोनचे आजचे नाव वेस्टमिन्स्टर.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेखातील उदाहरणात पूर्वजाचा जन्म ‘फेब्रुवारी १६७५’ असा छापला आहे. इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. तेव्हा ही तारीख मूळ नोंदीतून जशीच्या तशी घेतली असल्यास आजच्या गणनेने ती १६७६ ठरते. लेखकाने याचा खुलासा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे