चांदणीचं नाक आणि आपला सुलतान

सोलापूर
९ मार्च

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. फोन केला की तू स्पीकरवर टाकतोस आणि शेजारी आप्पा बसलेले असतात. त्यांच्या कानावर पडू नये असं सांगायचंय, म्हणून कागद. आमच्याकडे ठीक. माझी शुगर आहे तिथेच, आईचे गुडघे आहेत तसेच.

आमच्या चांदणी घोडीच्या डाव्या नाकपुडीतून मार्गशीर्षात पाणी यायला लागलं. आधी पातळ, मग पिवळट घट्ट. ऐन लग्नसराई, पुढे गड्ड्याची जत्रा. नवरदेव उतरला की मी टॉवेलनं तिचं नाक पुसायचो आणि पुढची वरात धरायचो. इंजेक्शनं आपलीच, मेडिकलमधून आणलेली. पाच दिवस दिली की सुकायचं, थांबवली की पुन्हा चालू. मग त्याच बाजूच्या डोळ्याला धार लागली आणि डोळ्याखाली लिंबाएवढा फुगवटा आला. संक्रांतीपर्यंत त्याचं मोसंबं झालं. रात्री घरघर ऐकू यायची. घोडं तोंडानं श्वास घेत नाही, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. तरी मी डॉक्टर बोलावला नाही बे.

का, ते तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टर रक्त घेणार, रक्त हिसारच्या लॅबला जाणार, आणि तिकडून ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा तो नाक वाहणारा लागट रोग, म्हणून आलं तर घोडी मारून पुरायची. त्यावर औषध देत बसत नाहीत. २००९ च्या कायद्यानं तो कळवावाच लागतो आणि माणसालाही होतो. धाकटा दिवसभर तिच्या गळ्यात पडलेला असतो, हे दिसत असूनही मी गप्प बसलो. शेवटी त्यानंच मला न विचारता पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवले. पोरगं माझ्यावर गेलेलं नाही, देवाची कृपा.

बाईंनी पहिलं रक्तच घेतलं. उत्तर येईपर्यंत चांदणी वेगळी बांधलेली, बादली वेगळी, मी हातमोजे घालून खरारा करतोय. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच आजारी. रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी सिद्धेश्वराला जाऊन आलो. हसू नकोस.

मग बाईंनी काय केलं ऐक. चांदणीचं तोंड जरा उघडं धरायला लावलं आणि दोन बोटं वाकवून डोळ्याखालच्या हाडावर टकटक केली. उजवीकडे रिकाम्या मडक्यासारखा आवाज, डावीकडे भरलेल्या घागरीसारखा बद्द. मलाही वाजवून बघायला लावलं. चाळीस वर्षं घोड्यांच्या तोंडावरून हात फिरवतोय, कधी वाजवून बघितलं नव्हतं. मग एक्स-रे काढला. हाडाच्या आतल्या पोकळीत पाण्याची गाठ, सिस्ट. ती वाढत जाते, हाड बाहेर फुगवते, डोळ्याच्या पाण्याची वाट दाबते. तिला इंजेक्शनांचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे माझे दोन महिने पाण्यात.

आता खरी गोष्ट. मी सहज विचारलं, घाण वास आला असता तर? बाई म्हणाल्या, एकाच नाकपुडीतून पू आणि कुजका वास असेल तर आधी दाढा बघायच्या. वरच्या मागच्या दाढांची मुळं त्याच पोकळीत असतात. दाढ किडली की पू नाकात उतरतो. दाढ काढायची, पोकळी धुवायची, घोडं बरं होतं.

बाळ्या, तुमच्या टांग्याच्या सुलतानच्या उजव्याच नाकातून यायचं ना रे? आणि तो वास! तू लिंबाचा पाला नाकाला लावून चंदी घालायला जायचास. चंदी तोंडातून गळायची, अर्धी चावलेली. सातवीत होतो आपण. आमच्या बाबांनी अख्ख्या स्टँडवर सांगितलं, याला लागण आहे, हौदावर आणू नका. आप्पांनी आठ दिवसांत हेड्याला मातीमोलानं देऊन टाकला आणि टांगाही विकला. तू माझ्याशी वर्षभर बोलला नाहीस. मी मात्र आजपर्यंत म्हणत आलो की बाबांचं बरोबर होतं. रक्त न तपासता बाबांना तरी काय कळणार होतं, हे खरं. पण तेव्हा कुणी त्याचं तोंडसुद्धा उघडून बघितलं नाही.

चांदणीचं ऑपरेशन उभ्यानंच झालं. गुंगीचं इंजेक्शन, डोकं स्टँडवर टेकवलेलं. हाडाची झडप उचलली तसं मधासारखं पिवळं पाणी भळाभळा आलं. रक्तही पुष्कळ गेलं, मी भिंतीला टेकलो. गाठीचं अस्तर पूर्ण सोलून काढलं, ते राहिलं तर पुन्हा भरते. आत कोंबलेली पट्टी नंतर नाकातून ओढली, वीतभर वीतभर, संपेचना. मग रोज नळीतून मिठाचं पाणी. काल टाके निघाले. दोन्ही नाकपुड्यांपुढे तळवे धरले, दोन्हीकडे सारखी वाफ लागते.

चिऊच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींच्या नोकरीचं कळलं, छान झालं. शेंगाचटणी पाठवतोय, या वेळी तिखट कमी आहे.

आप्पांना सुलतानचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगायचं म्हणालास तर मी स्वतः येतो, तू नको सांगूस.

तुझा,
पिंट्या