स्टूल ओढून समोर बसलेल्या फिजिओ मॅडमना

मॅडम, नमस्कार.

हे पत्र तीन दिवस लिहितेय. एका दमात झालं असतं, पण वीस मिनिटं झाली की उठायचं असं तुम्हीच सांगितलंय, आणि उठलं की दुकानात कुणीतरी फॉल-पिको घेऊन उभं असतंच.

लग्नसराई पार पडली. गेल्या वर्षी याच दिवसांत निम्मं काम दुसरीकडे दिलं होतं आणि मानेच्या दुखण्यानं रात्री उश्या बदलत रडत होते. यंदा एकही ब्लाऊज परत पाठवला नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी ही मान घेऊन तीन वर्षं फिरले. एकांनी एमआरआय बघितला, "पाचव्या-सहाव्या मणक्यातली गादी घासलीय" म्हणाले आणि पट्टा दिला. किती दिवस घालायचा ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. पाच महिने घातला. काढला की डोकं धडावर ठरायचं नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, मान खाली घालून काम करू नका. मी शिवणकाम करते! मान वर करून काज कसं करायचं हे विचारणार होते, तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला. एक कटकन मान मोडून देणारेही झाले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी होतं तिथंच. वर नणंदेचं चालूच, "मोबाईल कमी कर."

या डॉक्टरांकडे एक गोष्ट सारखी होती. पेशंटची खुर्ची टेबलाच्या कडेला आडवी, डॉक्टरांचं तोंड कॉम्प्युटरकडे. उत्तर द्यायचं तर डावीकडे वळा, आणि माझी दुखरी बाजू डावीच. मान वळत नाही हे सांगायलासुद्धा मान वळवायची.

तुमच्याकडेही खुर्ची तशीच होती. मी बसले, बोलायला सबंध धड फिरवलं. तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. पेन ठेवलंत आणि स्वतःचं स्टूल ओढत घेऊन आलात. त्याच्या एका पायाचं रबर गेलेलं, फरशीवर असा कर्रकन आवाज झाला की बाहेरच्या बाया डोकावल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या समोर बसलात आणि म्हणालात, "काकू, तुम्ही नका वळू. मी आले ना इकडे."

मला तिथंच रडू आलं. तुम्हाला वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण ते रडू त्याचं नव्हतं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. हातातली ताकद बघितलीत, हातोडीनं ठोकून पाहिलंत, चालायला लावलंत, मग म्हणालात की अशी झीज मान न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. पट्टा हळूहळू सुटला. व्यायाम बघून मात्र मी खट्टू झाले होते. उताणं पडायचं, 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी तसूभर आत घ्यायची, दहा सेकंद धरायची. एवढंच? मानेखाली ती दाब मोजायची हवेची पिशवी, तिचा काटा २० वर. तो २२ वर न्यायचा आणि हलू द्यायचा नाही. मला पाच सेकंदही जमेना, गळ्याच्या दोऱ्या ताणून वर आल्या. तुम्ही म्हणालात, वरचे स्नायू मदतीला धावतायत, आतले झोपलेत. तेव्हा डोक्यात उजेड पडला. वरच्या दोऱ्याचा स्क्रू कितीही आवळा, बॉबिनचा ताण ढिला असेल तर टाका बसत नाही. हे मी म्हटल्यावर तुम्ही हसलात आणि वहीत लिहून घेतलंत.

आठव्या आठवड्यात काटा २८ वर धरला. आता खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून खांदे मागं ओढते, बघायला शेजारची पोरं जमतात.

दुखणं पूर्ण गेलं असं खोटं लिहिणार नाही. लागोपाठ दोन नऊवारी शिवल्या की संध्याकाळी ठणकतं. पण आता घाबरत नाही. पाच मिनिटं आडवी होते, परत मशीनवर बसते.

तुमच्या स्टुलावरून आणखी माणसं आठवतात. तासगाव-सांगली गाडीतला तो कंडक्टर, गळ्यातला पट्टा बघून मला धक्क्याच्या मागच्या सीटवरून उठवून पुढं बसवायचा. दुकानाशेजारचा चहावाला कप मशीनवर ठेवायचा नाही, थांबून हातात द्यायचा. यांना हे कुणी शिकवलं? आणि जिथं खरं शिकवायला हवं, त्या टेबलांमागं कसं नाही पोचलं?

भाच्याबरोबर ब्लाऊज पाठवतेय. माप नजरेनंच घेतलंय. दंडात घट्ट झाला तर उसवा, आत माया ठेवलीय. सोबत पुडीत रबराची चार बुचं आहेत, स्टुलाच्या पायाला बसतील. हवं होतं एकच, पण दुकानदार सुटं देत नाही.

तुमच्या,
तासगावच्या काकू