नावाचा रकाना

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

चि. मनू,

फोन आधी तू ठेवलास की मी, आता आठवत नाही. तू घ्यायची म्हणतेस त्या गाडीला ‘भंगार’ मात्र मीच म्हटलं, तो शब्द परत घेते. तेरा वर्षांची गाडी म्हटलं की मला आमच्या आर.टी.ओ. ऑफिसच्या आवारातल्या जप्तीच्या गाड्याच दिसतात, बॉनेटमधून गवत वर आलेल्या. इतकी वर्षं खिडकीतून तेच बघितलं, काय करणार.

संध्याकाळी गॅरेजवाल्या काकांकडे जाऊन आले. २०१२ची होंडा अकॉर्ड, २.४ पेट्रोल, ऑटोमॅटिक, पावणेचार लाख, असं सांगितल्यावर ते हसतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसून तू पाठवलेले फोटो बघत बसले. म्हणाले, वहिनी, हिला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं असेल तर इंजिनाची काळजी नको. गिअरबॉक्सही जुन्या पद्धतीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा, दोन क्लचवाल्यांची कटकट नाही. नवी होती तेव्हा वीस लाखांच्या घरातली गाडी. किंमत उतरायची तेवढी पहिल्या मालकाच्या खिशातून उतरली, आता पोरीला छोट्या गाडीच्या पैशांत मोठं धूड मिळतंय. एक्स्प्रेस वेवर ट्रकच्या शेजारून जाताना फरक कळेल.

पण पार्ट वीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात, हेही तेच म्हणाले. वर्षभरासाठी लाखभर रुपये बाजूला ठेव. टायर, सस्पेन्शनचे बुश, गिअरचं ऑइल, एसी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवीन दिसते म्हणून फसू नकोस. आणि चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचार, २०१२च्या अकॉर्डच्या ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या, हिची बदलली का. पुण्यात आठ-नऊच्या वर अ‍ॅव्हरेज धरू नकोस. पेट्रोलचं बोलायचं नव्हतं, बोलले.

तर गाडी घे. पटलं मला. फक्त तुझ्या नावावर घे.

‘निखिलच्या नावावर घेऊ, त्याचा इन्शुरन्सवाला ओळखीचा आहे’ हे तू किती सहज बोललीस! त्यानंतरच माझा आवाज चढला. गाडीचा राग नव्हता तो. पैसे तुझे, बोनस तुझा, मग आर.सी.वर नाव त्याचं का? ट्रान्सफरच्या टेबलावर २९ वर्षं काढली मी. पैसे कुणी दिले हे विचारणारा एकही रकाना त्या फॉर्मवर नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, गाडी विकून हातची गेली तरी नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून.

निखिल चांगला मुलगा आहे. चांगुलपणाचा प्रश्नच नाही, तुझे आजोबाही चांगलेच होते.

फियाट तुला आठवत असेल ती तिच्या मागच्या सीटवरची, उलटी करायचीस म्हणून मांडीवर टॉवेल घेऊन. ती घेतली तेव्हा माझी भिशी आणि दोन बांगड्या गेल्या होत्या. नाव आजोबांचं लागलं, कारण मोठ्यांच्या नावावर शोभतं असं बाबा म्हणाले आणि मलाही ते खरंच वाटलं. आजोबा गेल्यावर थोरल्या काकांनी फॉर्म ३१ भरला, मयताच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायचा. बाबांनी संमतीपत्रावर सही करून दिली, मला न विचारता. फाइल माझ्याच टेबलावर आली. पेन्सिलने काढलेला चेसिसचा छाप मी रजिस्टरशी ताडून बघितला, सगळं बरोबर होतं. मी शिक्का मारला. त्या दिवशी डबा तसाच परत आणला होता एवढंच आठवतं.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बाबांना विचारू नकोस.

परत व्याख्यान झालं, माफ कर. पण एकदा लिहायला बसलेच आहे तर: विकणाऱ्याचं कर्ज फिटलं असलं तरी आर.सी.वरची एच.पी., म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ त्याच्याकडून घे, मगच पैसे. चलनं थकली असतील ती त्यालाच भरायला लाव. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घे, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, त्याच्याबरोबरच जातो, तो तुला मिळेल असं एजंट म्हणाला तर दुसरा एजंट बघ. पासिंग २०२७ला संपेल. मग फिटनेस आणि पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि पुढे पाच वर्षं. तेव्हा गाडी कुणाच्या नावावर असेल ते बघ म्हणजे झालं. बघ, आलेच परत तिथे.

चाकणला दोनशे माणसांच्या शिफ्टवर तू उभी असतेस हे मी भाजीवालीलासुद्धा सांगते. तुला वाटतं आईला फक्त काळजी करता येते.

पाकिटात गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० घातलेत. आता सगळं ऑनलाइन असतं, माहीत आहे, हसू नकोस. खरेदीदाराचा रकाना मी भरून ठेवलाय. पेन्सिलने लिहिलंय, नको असेल तर खोडता येईल.

तुझी,
आई