जहाज आत येणारं की बाहेर जाणारं?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत वास्तूचा लेख वाचला. दुकानात बंदरातल्या जहाजाचं चित्र लावायचं तर जहाज आत येणारं पाहिजे म्हणजे लक्ष्मी येते, बाहेर जाणारं असलं की पैसा पण जातो, असं लिहिलंय. ज्याची त्याची श्रद्धा, पण सोबत चित्र कुठलं छापलंत? इंग्रज चित्रकार टर्नरचं १८३९ सालचं 'फायटिंग टेमरेर'! अहो ते जहाज भंगारात चाललंय. इंग्रजांची ही युद्धनौका, १८०५ ला ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत गाजलेली, १८३८ मध्ये तोडायला विकलं, आणि वाफेवरची एक छोटी काळी बोट त्याला ओढत नेतेय. खरं तर तेव्हा डोलकाठ्या आधीच काढल्या होत्या आणि ओढायला दोन बोटी होत्या, टर्नरनं मुद्दाम डोलकाठ्या परत उभ्या केल्या, बोट एकच ठेवली, जहाज भुतासारखं पांढरट रंगवलं आणि बाजूला सूर्य मावळायला लावला. गिरण्या बंद पडताना बघितलेल्या सोलापूरकराला याचा अर्थ कुणी सांगायला नको. आता नवी पेठेत कुणी हीच प्रिंट गल्ल्यामागं लावली तर?

आत येणारं शुभ हे पण सगळीकडं चालत नाही. जर्मनीच्या कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं साधारण १८३५ चं चित्र बघा, 'आयुष्याचे टप्पे'. किनाऱ्यावर पाच माणसं, पाण्यात पाच जहाजं. मधलं मोठं जहाज किनाऱ्याला येतंय, शिडं उतरवतंय, म्हणजे प्रवास संपत आला, आणि पाठमोरा उभा असलेला म्हातारा म्हणजे स्वतः चित्रकारच असं मानतात. कीर्तनात भवसागर नि पैलतीर आपण पण ऐकतोच की, फक्त आपला पैलतीर म्हणजे सुटका, इथं मात्र हुरहूर जास्त वाटते (मला तरी). याउलट फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँच्या १६४८ च्या चित्रात बायबलमधली शेबाची राणी बंदरातून निघालीय, जहाज बाहेर जाणार आहे आणि वातावरण सगळं सकाळच्या उन्हाचं, उत्साहाचं. मग दिशेवरनं शुभ-अशुभ कसं ठरवायचं? शिडं, उजेड, किनाऱ्यावरची माणसं हे सगळं मिळून अर्थ लागतो.

एक विनंती. पुढच्या वेळी चित्राखाली चित्रकाराचं नाव नि साल टाका, आणि छापायचं तर रंगीत छापा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो सूर्यास्त कुठनं दिसणार. आणि जहाजच पाहिजे असेल तर अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत तीन डोलकाठ्यांचं आहे, ते बंदरातलं नाही पण आपल्याच राज्यातलं आहे.

आपला एक जुना वाचक,
सोलापूर