बल्ब उघडता आला पाहिजे

महोदय,

गेले काही दिवस आपल्या वाचकपत्रांत बल्बवरून चाललेला वाद मी नेमाने वाचते आहे. काहींना जुना पिवळा बल्ब परत हवा आहे, कारण नवे दिवे टिकत नाहीत आणि त्यांचा उजेड डोळ्यांना टोचतो. काहींच्या मते एलईडी लावला की विषय संपला, आता तक्रार कसली? मी विजेची उपकरणे दुरुस्त करते. हा व्यवसाय वडिलांचा, त्यांच्या हाताखाली शिकले आणि आता तो मीच सांभाळते. गेलेले दिवे रोज हातात येतात, उघडून पाहिले जातात. त्या टेबलावरून जे दिसते ते या वादात अजून कोणी मांडलेले नाही, म्हणून हे पत्र.

आधी जुन्या बल्बविषयी. त्याच्याकडे परत जाण्यात काही अर्थ नाही, हे मी ठामपणे म्हणते. फिलामेंटच्या बल्बला दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के विजेचा उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता होऊन जाते. ६० वॅटचा तो बल्ब जेवढा उजेड देतो, तेवढा आज ८-९ वॅटचा एलईडी देतो. युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने ते बल्ब बाजारातून काढले. अमेरिकेत २००७ मध्ये कायदा झाला, २०१९ मध्ये त्याची धार बोथट केली गेली आणि २०२२ मध्ये नियम पुन्हा कडक झाले. इतकी ओढाताण होऊनही दिशा बदलली नाही, कारण हिशेबच तसा आहे.

मधल्या काळातल्या सीएफएलमध्ये पारा होता, ही तक्रारही खरी. एका दिव्यात काही मिलिग्रॅमच, पण असे दिवे कोट्यवधींनी कचऱ्यात जात होते. त्यावर उत्तर असे दिले जाई की कोळसा जाळून वीज केली तर त्यातूनही पारा हवेत जातो आणि जुना बल्ब जास्त वीज खात असल्याने त्याच्यामुळे जाणारा पारा एकूण अधिकच. हेही बरोबर होते. पण आता तो वाद जुना झाला. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये साधे सीएफएल आणि २०२३ मध्ये उरलेल्या फ्लूरोसंट ट्यूब बंद करण्याच्या मुदती ठरवल्या. त्यांची जागा एलईडीच घेणार. म्हणून बोलायचे ते एलईडीबद्दल, आणि तिथेच 'टिकत नाही' म्हणणाऱ्या वाचकांच्या बाजूने मला उभे राहायचे आहे.

खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज पाच तास दिवा लावला तर तेरा वर्षांहून अधिक चालायला हवा. प्रत्यक्षात लोक वर्षा-दोन वर्षांत गेलेले बल्ब घेऊन येतात आणि विचारतात, तुमचा तो एलईडी कुठे टिकला? त्यांना मी बल्ब उघडून दाखवते. वरचा दुधी घुमट सिलिकॉनने चिकटवलेला असतो, तो जपून सोडवावा लागतो. आत ॲल्युमिनियमची एक चकती, तिच्यावर पिवळसर ठिपक्यांसारख्या एलईडी चिप बसवलेल्या. बहुतेक वेळा त्यांतल्या एकाच चिपवर काळा डाग दिसतो. बाकीच्या सगळ्या चिप धडधाकट असतात. मल्टिमीटर लावला की एकेक उजळतेही. पण सगळ्या एकामागोमाग जोडलेल्या असल्यामुळे एक गेली की करंटची वाटच तुटते आणि सगळा बल्ब गेला म्हणून फेकला जातो.

कधी चिप ठीक असतात आणि खालचा ड्रायव्हर गेलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे घरातल्या विजेपासून चिपना मानवेल असा करंट करून देणारी छोटी पाटी. तिच्यावरचा कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून धरणारा भाग, फुगलेला असतो. असा कपॅसिटर दर दहा अंश तापमानवाढीला सुमारे निम्मे आयुष्य गमावतो, हे या धंद्यात कोणालाही पाठ असते. आणि तो बसवलेला कुठे असतो, तर बल्बच्या मानेत, चिपच्या उष्णतेच्या अगदी खाली. त्यातून बल्ब बंद काचेच्या गोळ्यात किंवा छताच्या खोबणीत लावलेला असला तर ती उष्णता बाहेर जाणार कुठे? जुन्या बल्बला अशा कोंडलेल्या उष्णतेने फारसा फरक पडत नसे, म्हणून आपले दिव्यांचे साचे तसे बंदिस्त राहिले.

मग २५,००० तास आले कुठून? हा आकडा बहुधा चिपचा असतो, बल्बचा नसतो. चिपची चाचणी साधारण ६,००० तास घेतात, तेवढ्या वेळात उजेड किती घटला ते मोजतात आणि तो मूळच्या ७० टक्क्यांवर कधी येईल याचा पुढचा अंदाज सूत्राने बांधतात. चाचणीची ही पद्धत खोटी नाही. पण त्या चाचणीत ड्रायव्हर नसतो, कपॅसिटर नसतो, बंद गोळा तर नसतोच. गिऱ्हाईक मात्र तो आकडा आख्ख्या बल्बचा समजून पैसे मोजते. माझा राग आहे तो इथे.

या टप्प्यावर कोणीतरी नेहमी फीबस कार्टेलचे नाव काढते. १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले. त्याहून जास्त टिकणारे बल्ब विकणाऱ्या सदस्याला दंड होता. हा इतिहास खराच आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिलामेंट कमी तापवले तर ते जास्त टिकते, मात्र तेवढ्याच विजेत उजेड फार कमी देते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे, त्याचे कौतुक जगभर होते. तो आज चारेक वॅटचा मंद लालसर उजेड देतो, त्यात कोणी वाचू शकणार नाही. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये याची चौकशी केली, तेव्हा १,००० तास ही टिकाऊपणा आणि वीजखर्च यांमधली वाजवी तडजोड आहे असेच मत दिले. कंपन्यांचे संगनमत वाईटच होते, पण त्यांच्या हाताशी निदान भौतिकशास्त्राची एक सबब होती.

एलईडीत ती सबब उरलेली नाही. माझ्या पत्रातली ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी अशी विनंती आहे. चिपमधून कमी करंट सोडला तर ती कमी तापते, म्हणून जास्त टिकते. आणि त्याच वेळी प्रत्येक वॅटमागे उजेडही जास्त देते. टिकाऊपणा आणि बचत इथे एकाच दिशेने जातात. अडचण एवढीच की कमी करंटवर तेवढाच उजेड हवा असेल तर चिप जास्त बसवाव्या लागतात, ॲल्युमिनियम थोडे जाड घ्यावे लागते. म्हणजे बल्ब करताना खर्च वाढतो. तो वाचवण्यासाठी मोजक्या चिप बसवून त्यांच्यातून सोसेल त्याच्या काठापर्यंत करंट रेटतात.

हे मी टेबलावर पाहिले आहे. पुष्कळ ड्रायव्हरमध्ये करंट ठरवणारे दोन बारीक रोध (रेझिस्टर) शेजारी शेजारी असतात. त्यांतला एक काढला की करंट उतरतो. उजेड थोडा कमी होतो, पण बल्बच्या अंगाला हात लावून पाहिला तर फरक लगेच कळतो, आणि असे करून दिलेले बल्ब सहसा माझ्याकडे परत येत नाहीत. (घरी कोणी हा प्रयोग करू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहू शकते.)

कारखान्यातून असा बल्ब निघू शकतो, याचा पुरावाही आहे. दुबईच्या नगरपालिकेच्या आग्रहावरून फिलिप्सने २०१६ मध्ये तिथल्यासाठी एक खास दिवा काढला. जास्त चिप, कमी करंट. प्रत्येक वॅटमागे २०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचे माप), म्हणजे ६० वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी तीन वॅटचा दिवा. त्यासाठी नवा शोध लागला नव्हता. मागणारा आग्रही होता, एवढेच.

उजेड टोचतो म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. पिवळा, उबदार उजेड हवा तर २,७०० केल्विन लिहिलेला बल्ब घ्या, ६,५०० लिहिलेला नको. रंग फिके दिसत असतील तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरापैकी आकडा, ९० किंवा त्याहून जास्त पाहा. डोके दुखत असेल तर मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, बहुधा ड्रायव्हरमध्ये काटकसर झाली आहे. असा बल्ब परत करा. दोष एलईडीचा नाही, पण त्रास खरा आहे, आणि तो सांगणाऱ्याला मागासलेला ठरवणे मला मुळीच पटत नाही.

आता मुद्द्याचे. आपण सगळे वॅटवर भांडतो आहोत. वॅटचा प्रश्न सुटला आहे. न सुटलेला प्रश्न असा की एका चिपपायी धातू, प्लॅस्टिक, तांबे आणि चांगल्या चिप सगळ्याच कचऱ्यात का जाव्यात? पूर्वीच्या ट्यूबलाइटचा स्टार्टर गेला तर स्टार्टर बदलत, चोक गेला तर चोक. पट्टी तीच राहायची. आता छतावरच्या कित्येक दिव्यांत चिप आणि ड्रायव्हर अंगातच घट्ट बसवलेले असतात. काही बिघडले की आख्खा दिवा उतरवा. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत असे म्हटले आहे की दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, मोडतोड न करता बदलता आला पाहिजे; शक्य नसेल तर उत्पादकाने तांत्रिक कारण द्यावे. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्यावर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागले. फोनसारख्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, असा युरोपचा नियम २०२७ मध्ये येतो आहे. हरित तंत्रज्ञान म्हणायचे तर मला ते यात दिसते. विजेचे बिल कमी करणारी पण दर दोन वर्षांनी फेकायची वस्तू मी हरित मानायला तयार नाही.

बल्बच्या खोक्यावर तीन गोष्टी सक्तीने छापल्या जाव्यात. आख्ख्या बल्बचे, ड्रायव्हरसकट तपासलेले आयुष्य. किती तापमानापर्यंत आणि बंद दिव्यात तो चालेल की नाही. आणि उघडून दुरुस्त करता येतो का. घुमट चिकटवण्याऐवजी आट्यांचा करा, ड्रायव्हर सोल्डरऐवजी खटक्याने बसणारा करा. माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना काम मिळेल हा त्यातला माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. आपल्या वर्तमानपत्राने यापुढे नव्या दिव्यांची बातमी छापताना कंपनीला किती वॅट वाचतील हे जरूर विचारावे, आणि त्यासोबत ड्रायव्हर सुटा मिळेल का, हेही विचारावे. मिळणार असेल तर कुठे, तेही छापावे.

आपली,
विद्युत उपकरणे दुरुस्त करणारी एक वाचक