एफआरपीवर निकाल लागला, ऊसवाल्याला पत्ताच नाही

संपादक महोदय,

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने ऊसवाल्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान भाव, हा सरकारने शेतकऱ्याला दिलेला आधार ठरतो आणि तो जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतल्या मर्यादेबाहेर आहे, असा निकाल त्या संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे वाद ऐकणाऱ्या मंडळाने, १४ डिसेंबर २०२१ रोजी दिला. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला २०१९ मध्ये भारताविरुद्ध तिथे गेले होते. साखर आयुक्तालय पुण्यात आहे, पण इथे या निकालावर एकही जाहीर सभा झाल्याचे मला आठवत नाही.

माझा ऊस दौंड तालुक्यात. एका हंगामात बिल चार महिने थकले. मुलाची कॉलेजची फी भरायला पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. नियमाने १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. वजनकाट्याची पावती अजून माझ्या डायरीत आहे, व्याजाचा रुपया आला नाही. सांगायचे ते एवढेच की एफआरपीचा पैसा कारखान्याच्या खिशातून येतो, सरकारी तिजोरीतून नाही. भारताने हेच मांडले. पॅनेलने ते मानले नाही. त्यांच्या मते भाव सरकारने बांधून दिला की तो सरकारी आधारच, मग पैसे कोणीही देवो. शिवाय या नियमांत आधार किती हे मोजताना सरकारने बांधलेल्या भावाशी तुलनेसाठी बाहेरच्या बाजारातला भाव धरतात तो १९८६ ते १९८८ चा! तेव्हाच्या खताच्या आणि डिझेलच्या दरात आज कोणी ऊस पिकवून दाखवावा.

त्याच वादातल्या निर्यात अनुदानाची बाजू मात्र मी घेणार नाही. २०१९-२० मध्ये टनामागे १०,४४८ रुपये देऊन ६० लाख टन साखर बाहेर पाठवायची योजना होती. त्याने जगाच्या बाजारात भाव पडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या ऊसवाल्याचे दुखणे खरे आहे. तिथले शेतकरी आणि कारखानदार आपापल्या संघटनांच्या नावाने, उघडपणे, सरकारच्या मागे लागले. आपल्याकडे दिल्लीत आवाज पोचतो तो कारखान्यांच्या संघांचा, आणि तोही साखरेचा विक्री दर नि इथेनॉलपुरता. शहरात तर सणाच्या तोंडावर साखर दोन रुपयांनी चढली तरच ती बातमी होते.

भारताने या निकालावर अपील केले. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकायला पुरेसे सदस्यच नाहीत. निकाल लटकलेला आहे, तोवर आपली बाजू नीट बांधता येईल. शेतकरी संघटनांनी ऊस परिषदेत पहिल्या उचलीच्या, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याच्या, मागणीबरोबर एफआरपीची बाजू मांडण्याचाही ठराव घ्यावा. केंद्राने या विषयावर कारखान्यांबरोबर ऊस उत्पादकांनाही बोलवावे. आणि संपादक महोदय, आपण निकालातला एफआरपीचा भाग सोप्या मराठीत छापावा. गाळप सुरू व्हायच्या आत छापलात, तर गावातल्या सोसायटीच्या ओट्यावर मी तो स्वतः वाचून दाखवीन.

– एक ऊस उत्पादक वाचक, मांजरी, पुणे