सूचना : पिण्याचं पाणी उकळूनच घ्या
सभासद मंडळी,
गंगापूर धरणात नवं पाणी आलंय, नळाला गढूळ येतंय. काल आमच्या हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. तुरटी फिरवली की गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट लागू पडत नाही. तेव्हा फडक्यातून गाळा, खळखळून उकळी आल्यावर निदान १ मिनिट उकळा. टायफॉइड, कॉलरा अशाच पाण्यातून येतात. कावीळ तर बहुधा २ ते ६ आठवड्यांनी दिसते, त्यामुळे 'आम्हाला कुठे काय झालं' असं इतक्यात म्हणू नका. जुलाब लागले तर लगेच ओआरएस, तेही उकळून गार केलेल्या पाण्यात.
रविवारी सकाळी ९ वाजता टाकी धुणार, शनिवारीच पाणी भरून ठेवा. आणि गच्चीवर जाणाऱ्यांनी टाकीचं झाकण लावा हो! मागच्या वेळी आत कबुतराची पिसं निघाली होती.
– सचिव